मंडळाचा मास्क आणि नवऱ्याचं ऑपरेशन

एखाद्या समाजाचं भवितव्य कधीकधी एकाच घराच्या निर्णयावर अवलंबून असतं. हे वाक्य माझं नाही. झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी ते आमच्या दारात उभं राहून म्हटलं, तेव्हा त्यांच्या हातात पिठाची पिशवी होती. पिशवीचं एक टोक माझ्याकडे होतं आणि दुसरं त्यांनी अजून सोडलेलं नव्हतं, कारण फोटो काढणाऱ्याला उजेड मिळत नव्हता.

करोनाची पहिली टाळेबंदी होती. आम्ही खंडेराव गेटजवळच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. मी, नवरा, सासूबाई आणि दोन मुली. नवरा कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली वेल्डिंगचे जोड तपासायचा. कारखाना बंद झाल्यावर ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं. मी एका खासगी शाळेत सामाजिक शास्त्रं शिकवायचे. शाळेने आधी अर्धा पगार दिला, मग पगाराऐवजी धीर दिला. आमच्याकडे रेशनचं कार्ड नव्हतं, कारण कागदोपत्री आम्ही खाऊनपिऊन सुखी होतो. रांगेत उभं राहायची सोय नसलेली गरिबी ही एक वेगळीच जात आहे. तिच्यात इस्त्रीचे कपडे असतात.

म्हणून मंडळाचं किट आलं तेव्हा मी ते घेतलं आणि फोटोलाही उभी राहिले. पिठाच्या पिशवीवर अध्यक्षांचा फोटो होता. डाळीच्या पुडीवर मंडळाचं नाव होतं. साबणावर नव्हतं, तो घाईत आणला असावा. आणि सगळ्यांच्या वर भगव्या रंगाचे पाच मास्क होते, त्यांच्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत मंडळाचं पूर्ण नाव, खाली 'झाशी'.

फोटो निघाला, पिशवी माझ्या ताब्यात आली, पण अध्यक्ष गेले नाहीत.

"वहिनी, खरं सांगू? मला पिठाची चिंता नाही. मला माणसांची चिंता आहे," ते म्हणाले. "फौजेतले येतात, बदली झाली की जातात. कारखान्यातले निवृत्त झाले की पुण्याला फ्लॅट घेतात. पिढ्यान्‌पिढ्यांची घरं किती उरली इथे? आणि जी उरली, ती एक-दोनवर थांबतात. तुम्हाला दोन मुलीच ना?"

"दोन मुली," मी म्हटलं. 'च' त्यांचा त्यांना परत केला.

"मंडळाने ठराव केलाय. यापुढे ज्या मराठी घरात तिसरं अपत्य होईल, त्या घराला मंडळातर्फे चांदीची वाटी."

वाटीत काय घालायचं याबद्दल ठरावात काही नव्हतं. मी दार लावून घेतलं आणि पीठ डब्यात ओतलं. आतून सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणत होता?" लहानपणी चड्डीत पाहिलेलं असल्यामुळे त्या अध्यक्षांना अजून 'अरे-तुरे' करायच्या.

"तिसरं होऊ द्या म्हणत होते."

सासूबाई उठून बाहेर आल्या. मग म्हणाल्या, "मुलगा झाला तर वाईट नाही." आणि पुढे, जरा खालच्या आवाजात, "पीठ कसं आहे? जाडं आहे का?"

त्या दिवसांत सासूबाईंचे उपास वाढले होते. सोमवार, गुरुवार, शनिवार तर होतेच. त्यात चतुर्थी, एकादशी आणि प्रदोष आले. साबुदाणा महाग म्हणून तो उपासातून हळूच गळाला आणि उरला नुसता चहा. मी एकदा म्हटलं, "आई, कुठल्या देवाने एवढं मागितलंय?" त्या म्हणाल्या, "देवाचं नाव घे, निदान पोटाला कारण सांगता येतं." फडताळातले डबे, म्हणजे भिंतीतल्या कपाटातले, त्या रोज पुसून ठेवायच्या. रिकामा डबा स्वच्छ असला की घरात कमी आहे असं वाटत नाही, हा त्यांचा शोध.

धाकटी तेव्हा पहिलीत होती. तिला मराठी कळायची पण बोलायची वेळ आली की हिंदीच. ताटात सलग तिसऱ्या दिवशी पातळ वरण बघून ती म्हणाली, "आजी, ये दाल है कि पानी?" सासूबाई म्हणाल्या, "दाल का पानी आहे. ताकद त्यातच असते." थोरली, जी सहावीत होती आणि सगळं समजण्याच्या वयाला येत होती, खाली बघून जेवत राहिली. तिचं ते न बोलणं मला अध्यक्षांच्या भाषणापेक्षा जास्त ऐकू यायचं.

टाळेबंदीत लोकसंख्या वाढणार, असं तेव्हा जो तो हसून सांगायचा. असं म्हणणाऱ्यांची घरं मोठी असावीत. आमच्याकडे एका खोलीत सासूबाई आणि मुली, दुसरीत आम्ही, आणि मधल्या दाराला कडी नाही. तरी प्रश्न होता आणि तो माझ्या जिवाशी होता. धाकटीच्या वेळी मी जवळजवळ गेलेच होते. दोनदा सिझेरियन झालं होतं, दुसऱ्यांदा रक्त थांबेना. मला शुद्ध आल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिसरं नको म्हणून सांगितलं, आणि ते सल्ल्याच्या सुरात सांगितलं नव्हतं. तांबी मला सोसली नाही, ती काढावी लागली. मग दर तीन महिन्यांनी आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शन घ्यायचे. करोना आला आणि केंद्रातली सगळी माणसं ताप मोजायला गेली. इंजेक्शनची तारीख उलटून गेली. मेडिकलवाल्याकडे मी निरोध मागितले तर तो म्हणाला, "भाभीजी, सप्लाई बंद है. सैनिटाइजर ले जाइए." एकाच्या ऐवजी दुसरं चालेल असं त्याला का वाटलं, देव जाणे.

सावध राहिलो. जितकं राहता येतं तितकं.

आणि मग माझी पाळी चुकली.

मी पहिले काही दिवस मोजलेच नाहीत, मोजले की खरं होतं. नंतर चाचणीची पट्टी आणली. ती ज्या सकाळी केली, त्याच वेळेला माझा नववीचा ऑनलाइन तास होता. घरात फोन एकच. तो आधी थोरलीच्या गणितासाठी, मग माझ्या तासासाठी आणि उरला तर धाकटीच्या कवितेसाठी. पट्टी न्हाणीघराच्या खिडकीत ठेवून मी फोनसमोर बसले आणि धडा सुरू केला. धडा लोकसंख्येचा होता. लोकसंख्या हे देशाचं ओझं आहे की संपत्ती, यावर मुलांना आपलं मत मांडायचं होतं. एका मुलीने स्पष्ट आवाजात विचारलं, "मैम, आपकी क्या राय है?"

मी म्हटलं, "बेटा, एक मिनट, नेटवर्क जा रहा है," आणि फोन पालथा ठेवून उठले.

पट्टीवर एकच रेघ होती. म्हणजे काही नव्हतं. पाळी पुढे आठवड्याने आली. जेवण कमी झालं आणि झोप उडाली की असं होतं, हे मी नंतर वाचलं. पण त्या खिडकीपाशी उभं राहून मला जे वाटलं ते सुटकेचं नव्हतं. मला राग आला होता. मी चाळिशीकडे झुकलेली, चार पुस्तकं वाचलेली बाई, आणि माझं जगणं-मरणं त्या पट्टीवर अवलंबून होतं, ज्या देशात फटाके, दिवे आणि थाळ्या वेळेवर पोचतात आणि एक इंजेक्शन पोचत नाही. मी ठरवलं की हे पुन्हा होणार नाही. परवानगी कोणाची मागायची नाही, मंडळाची तर नाहीच.

संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना मी नवऱ्याला सांगितलं, "ऑपरेशनं सुरू झाली की मी करून घेते."

तो चिमटे गोळा करत होता. म्हणाला, "तुझं पोट दोनदा उघडलंय."

"मग?"

"एकाच जागी तिसऱ्यांदा वेल्डिंग करत नाहीत. तो अख्खा तुकडा, जॉब, बाद करतात."

"मी जॉब आहे का?"

"नाहीस. म्हणून म्हणतोय." त्याने चिमटे डब्यात टाकले. "माझं करू."

माझा नवरा भाषण करत नाही. लग्न ठरलं तेव्हा तो मला पाहायला अकोल्याला आला होता आणि एवढंच म्हणाला होता की झाशीत उन्हाळा फार असतो. त्यामुळे 'माझं करू' हे त्याच्या मानाने मोठं व्याख्यान होतं. पुढे त्याने एकच अट घातली. कोणाला कळता कामा नये. आईला नाही, गल्लीला नाही, मंडळाला तर मुळीच नाही.

"लाज वाटते?" मी विचारलं.

"लाज नाही. चर्चा नको. इथे लोक माझ्याबद्दल ठराव करतील."

आमच्या भागातल्या आशाताईंना मी विचारलं. घरोघर फिरून बायकांच्या प्रकृतीची विचारपूस करणाऱ्या या ताई जन्माच्या बुंदेली आणि आवाजाने फौजी. पाणीपुरवठ्याची घोषणा करावी तशा त्या जिन्यात उभ्या राहून बोलायच्या. मी त्यांना ओढून आत घेतलं. ऑपरेशन नवऱ्याचं आहे म्हटल्यावर त्या खाली बसल्याच.

"भैया खुद करवाएँगे? अपनी मर्ज़ी से?"

"हओ," मी त्यांच्याच बोलीत हो म्हटलं.

"भाभी, मज़ाक तो नईं कर रईं? इत्ते साल हो गए, एक मर्द नईं मिला मुझे. औरतें तो लाइन लगा के आती हैं. मर्द को बोलो तो कहता है, कमज़ोरी आ जाएगी, साइकिल कैसे चलाऊँगा."

"कमज़ोरी आती है क्या?"

"आती होती तो हम औरतों का क्यों करते पहले?" हे तर्कशास्त्र मला अजून नीट उलगडलेलं नाही, पण त्यात काहीतरी होतं.

ऑपरेशनं पुन्हा सुरू झाली तेव्हा हिवाळा लागला होता. गावात करायचं नाही म्हणून कानपूर रस्त्यावर, चिरगाँवच्या बाजूचं एक केंद्र आशाताईंनी शोधलं. सासूबाईंना सांगितलं की तिकडे कामाचं बघायला चाललोय. मी बरोबर का, तर शाळेचंही बघू. त्यांनी वाटीतलं दही हातावर दिलं, कामाला जाताना द्यायचं म्हणून. दही शेजारून मागून आणलं होतं.

निघताना घाई झाली. घरात शिवलेले सुती मास्क धुऊन दोरीवर होते, ओले. नवऱ्याने कपाटात हात घातला, मंडळाचे दोन कोरडे मास्क काढले, एक मला दिला, एक स्वतः बांधला. मी माझा पदराखाली झाकला, कारण भगवा रंग साडीला जात नव्हता. त्याचा तसाच राहिला. आता विचार केला तर हसू येतं. कोणी ओळखू नये म्हणून आम्ही गाव सोडून, बस बदलून जात होतो, आणि नवऱ्याच्या तोंडावर आख्ख्या समाजाचं नाव आणि गाव छापलेलं होतं. पण मंडळाचं नाव दिसलं की ते न वाचण्याची सवय आम्हाला फार वर्षांची आहे. वर्गणीच्या पावत्या, गणपतीच्या पत्रिका, हळदीकुंकवाचे फलक, सगळ्यावर तेच नाव. ते आम्हाला दिसतच नाही. मास्कवरही दिसलं नाही.

केंद्रात पोचलो तर दारात तोरण आणि आधीच येऊन थांबलेल्या आशाताई. कुटुंब नियोजनाचा पंधरवडा सुरू होता आणि त्या दिवशी कोणी मोठे अधिकारी येणार होते. खुर्च्यांमध्ये अंतर राखून माणसं बसवली होती, त्यातली बहुतेक तिथलीच कर्मचारी होती. नवऱ्याला आत नेलं. मी व्हरांड्यात बसले. चहा प्यायला जितका वेळ लागतो तेवढ्यात तो बाहेर आला, जरा सावकाश, आणि बाकावर बसला.

"दुखलं?"

"टिटॅनसच्या सुईएवढं."

तेवढ्यात अधिकारी आले. त्यांनी माइक घेतला आणि गरिबीचं मूळ सांगायला सुरुवात केली. गरिबीचं मूळ, त्यांच्या मते, गरिबांची मुलं. घरात खाणारी तोंडं कमी असतील तर सुबत्ता आपोआप येते. ते बोलत होते आणि बाकावर बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे हात दाखवत होते, जसा शिक्षक फळ्याकडे दाखवतो. भाषण संपल्यावर ते आमच्यापाशी आले आणि मायेने म्हणाले, "अब देखिए, आपके घर की गरीबी दूर होगी."

मी उठून उभी राहिले. "साहब, हमारी गरीबी ठेकेदार से आई है. बेटियाँ तो पहले भी दो ही थीं."

आशाताई खोकल्या. अधिकारी हसले, म्हणजे मास्कच्या वरची त्यांची भुवई हसली. मला त्यांच्याशी भांडायचं नव्हतं. पण ऑपरेशन आम्ही गरीब म्हणून केलं नव्हतं. उद्या आमच्या घरात सोन्याच्या विटा असत्या तरी मला पुन्हा मरायला जायचं नव्हतं. ज्याच्याकडे पीठ आहे त्याला मूल किती हे कोणी विचारत नाही आणि ज्याच्याकडे नाही त्याला सगळेच विचारतात. कोणी वाढवा म्हणतो, कोणी थांबवा. दोघांच्याही हातात माइक असतो.

मग फोटोची वेळ आली. स्वेच्छेने आलेला पुरुष मिळाल्यामुळे वातावरण बारशाचं झालं होतं. नवऱ्याने हात जोडले, "फोटो नहीं, साहब." मग त्याच्या लक्षात आलं की तोंड झाकलेलं आहे. तो मला हळूच म्हणाला, "मास्क असू दे म्हणतील तर फोटो काढू दे. कोण ओळखतंय?" आणि फोटोवाला खरंच म्हणाला, "मास्क मत उतारिए, कोविड का संदेश भी चला जाएगा." गळ्यात झेंडूचा हार पडला. दोन संदेश एकाच फोटोत गेले. तिसऱ्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

परतीच्या बसमध्ये अर्ध्या जागा रिकाम्या होत्या आणि नवरा दांड्याला धरून उभा होता. कंडक्टर तीनदा म्हणाला, "बैठ जाइए भैया, सीट खाली है." नवरा प्रत्येक वेळी म्हणाला, "ठीक हूँ." खड्डा आला की तो डोळे मिटायचा.

दुसऱ्या दिवशी एका हिंदी पेपरच्या आतल्या पानावर तो फोटो आला. हारात माझा नवरा, शेजारी अधिकारी, आणि बरोबर मध्यभागी, पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत, मंडळाचं पूर्ण नाव. नवऱ्याचं नाव बातमीत नव्हतं. त्याची गरजच नव्हती. मथळ्याचा अर्थ असा होता की लोकसंख्या रोखण्यासाठी झाशीचा मराठी समाज पुढे सरसावला आहे.

अध्यक्ष दुपारी आले. पेपर घडी करून काखेत, जिना चढून दम लागलेला. सासूबाई सुपात गहू निवडत होत्या, नवरा खाटेवर पडून होता, त्याला आम्ही ताप आल्याचं सांगून झोपवलं होतं.

"काकू, हा काय प्रकार आहे?"

"कसला रे?"

त्यांनी पेपर पुढे केला. सासूबाईंनी चष्मा लावला, फोटो उजेडाकडे धरला. "हा आमचाच आहे," त्या म्हणाल्या. "फार वाळलाय बाई."

"काकू, त्याने नसबंदी केलीय!"

सुपातला हात थांबला. सासूबाईंनी खाटेकडे पाहिलं. "करून आलास?"

"हो," नवरा म्हणाला.

"आणि मला म्हणालास कामाचं बघायला चाललो."

"हो."

"म्हणून ताप?"

"ताप नाही, आई."

त्या पुन्हा गहू निवडू लागल्या. अध्यक्ष मात्र सुटले. या भूमीचा इतिहास, इथल्या मातीतलं शौर्य, पूर्वजांनी रक्त सांडून राखलेलं नाव, आणि त्या नावाखाली असं कृत्य. "जिल्ह्यातून फोन येतायत मला. लोक हसतायत. आम्ही तिसऱ्याला चांदीची वाटी देतोय आणि तुम्ही मंडळाचा मास्क लावून..."

मी म्हटलं, "भाऊसाहेब, तुम्हाला समाजाचा आकडा वाढवायचाय. तो माझ्या पोटातून वाढवायचाय. धाकटीच्या वेळी मी ऑपरेशनच्या टेबलावर होते तेव्हा रक्त द्यायला मंडळातलं कोणी आलं नव्हतं. आले होते ते शेजारचे पानवाले भैयाजी. त्यांना मराठीतलं एक अक्षर येत नाही."

"वहिनी, तो विषय वेगळा."

"तोच विषय आहे."

"पण वंश... काकू, तुम्ही तरी बोला. तुम्हाला नातू नको?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. हा प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं. त्यांना नातू हवा होता. लग्न झाल्यापासून हवा होता. देवापुढे उभ्या राहिल्या की त्यांचे ओठ काय म्हणतात ते मला न ऐकता कळायचं.

सासूबाईंनी सुपातला एक खडा काढून खिडकीबाहेर टाकला. "तुझा एकुलता एक कुठे असतो रे हल्ली?"

"कोण, आमचा? कॅनडात."

"त्याला किती?"

"अजून... ते दोघं ठरवतायत."

"ठरवू दे," सासूबाई म्हणाल्या. "इथेही दोघांनी ठरवलंय. आणि माझ्या मुलाला बोलायचं असेल तर मी बोलीन, मला भरपूर बोलायचंय, पण तू गेल्यावर. चहा घेशील? काळा आहे, दूध नाही."

अध्यक्षांनी चहा घेतला नाही.

ते गेल्यावर सासूबाई खरोखरच बोलल्या. नवऱ्याला, मला, आमच्या शिक्षणाला, चिरगाँवच्या बसला. खोटं बोलल्याबद्दल जास्त बोलल्या, ऑपरेशनबद्दल कमी. मग आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला. पण त्याला पाण्याची बादली उचलू दिली नाही, आणि कुठून तरी वाटीभर रवा पैदा करून शिरा केला. तो शिरा त्यांनी धाकटीच्या हाती पाठवला, कारण अबोला होता. धाकटीने अर्धा वाटेत खाल्ला.

एकदा दोघीच असताना त्या मला म्हणाल्या, "मला सात झाली. तीन जगली. कधी हवी, किती हवी, कोणी विचारलं नाही. विचारतात हेच माहीत नव्हतं." त्यांचं मन बदललं, असं मी म्हणणार नाही. देवापुढे त्यांचे ओठ नंतरही बराच काळ तेच म्हणत होते. पण देवाला विचारणं वेगळं आणि मला सांगणं वेगळं, एवढा फरक त्यांनी त्या दिवसापासून केला.

मधल्या काळात मला फोन आले. मंडळातल्या बायकांचे, ज्या एरवी फक्त हळदीकुंकवाला भेटायच्या. सगळ्यांची सुरुवात प्रकृतीच्या चौकशीने व्हायची आणि मग आवाज खाली जायचा. "ते केंद्र नेमकं कुठे?" "कमजोरी येते का गं खरंच?" एक ओरछा गेटची होती. तिचा नवरा गणपतीत तलवार फिरवतो. ती म्हणाली, "ह्यांना सुईची भीती वाटते. कसं सांगू?" मी म्हटलं, "तुमची दोन्ही बाळंतपणं त्यांना सविस्तर सांगा. सुई लहान वाटेल."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की ऑपरेशन झालं म्हणजे लगेच काम झालं असं नाही. तीन महिने सांभाळायचं आणि मग वीर्याची तपासणी. ती चांगली आली तरच निर्धास्त व्हायचं. तोवर आशाताई निरोधची पाकिटं आणून जिन्यातूनच हाक मारायच्या, "भाभी, भैया का सामान!" लपवायला आता काही उरलंच नव्हतं.

अध्यक्षांच्या बाबतीत मात्र वेगळं घडलं. जिल्ह्यातून जे फोन येत होते ते हसण्याचे नव्हते. ते अभिनंदनाचे होते. एका समाजाच्या संस्थेने एवढा धाडसी पुढाकार घेतला म्हणून आरोग्य खात्याने मंडळाचा जाहीर सत्कार करायचं ठरवलं. अध्यक्षांनी एक दिवस विचार केला, असं म्हणतात. मग होकार कळवला. चांदीच्या वाटीचा ठराव पुढच्या बैठकीत तांत्रिक कारणाने मागे घेतला गेला.

सत्काराला आम्हाला बोलावलं नव्हतं. गर्दी टाळायची होती. पण त्याचं थेट प्रक्षेपण मंडळाच्या ग्रुपवर होतं आणि आम्ही पाचही जण त्या एका फोनभोवती बसून ते पाहिलं. अध्यक्षांना शाल दिली, नारळ दिला, मानपत्र वाचून दाखवलं. मग ते बोलायला उठले. ते म्हणाले की आमच्या समाजाने नेहमीच देशाला दिशा दाखवली आहे. मोजकी पण सक्षम संतती हीच आमची परंपरा. हा निर्णय सोपा नव्हता, पण समाजासाठी तो आम्ही घेतला.

"आम्ही?" थोरली म्हणाली. सगळं समजण्याच्या वयाला ती आता पोचली होती.

"कोण घेतला? बाबा ने लिया ना?" धाकटी म्हणाली.

"बघ, चप्पल सुद्धा नवीन आहे," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने खिशातून एक कागद काढून माझ्याकडे दिला. तीन महिने झाले होते आणि सकाळी तो त्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत जाऊन आला होता. मी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि सासूबाईंपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला.

"शून्य," त्या म्हणाल्या. "म्हणजे पास की नापास?"

"पास, आई."

त्यांनी मान हलवली आणि कागद मला परत दिला. फोनमध्ये अध्यक्ष अजून समाजाच्या भवितव्याबद्दल बोलत होते. त्या भवितव्यात आमच्या घराची यापुढची भर शून्य आहे. प्रयोगशाळेने तसं सही-शिक्क्यासह लेखी दिलं आहे.